दत्तू कोळेकरची धून

माझं सध्याचं पोस्टिंग जपानमध्ये, सेंदाईला आहे, मुलाच्या फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर. ड्यूटी ठरलेली. सकाळी सात वाजता जळणारा कचरा वेगळा, प्लॅस्टिक वेगळं, बाटल्या वेगळ्या करून खाली नेऊन ठेवायच्या. फौजेत मी पाइपर होतो. पलटणीच्या बँडमध्ये बॅगपाइप वाजवायचो, हवालदार म्हणून निवृत्त झालो. बँडवाला म्हटलं की लोकांना लग्नाची वरात आठवते. लढाईत बँडवाला पाइप खाली ठेवतो आणि स्ट्रेचर उचलतो, जखमींना खाली आणणं हे त्याचं काम असतं, असं सांगितलं की लोक ‘अच्छा’ म्हणतात आणि चहा मागतात. मी आता सांगणं सोडलं आहे.

सेंदाईजवळच्या एका गावात व्हिस्कीची भट्टी आहे आणि स्कॉटलंडमधल्या एका लहान गावाशी त्याचं नातं जोडलेलं आहे. तिथे यंदा ‘स्कॉटिश वारसा दिन’ ठरला. माझा मुलगा निखिल याच्या कंपनीने त्या स्कॉटिश गावाची फिल्म केली होती. तसल्याच एका गावात मी चार महिने काढले होते. तेच गाव नव्हे, पण मला कार्यक्रमाला बोलवायला निखिलच्या साहेबांना तेवढं चालणार होतं.

तयारी पाहायला मला नेलं. थर्माकोलचा किल्ला, प्लॅस्टिकच्या मेंढ्या आणि धूर सोडणारं एक मशीन. फिल्म तीन मिनिटांची. त्यात एक राजा, एक तलवार, धुकं आणि शेवटी व्हिस्कीचा ग्लास. झाला इतिहास. हे बनवायला सहा इंजिनियर लागले होते.

मी पाहिलेल्या गावात किल्ला नव्हता. एक रस्ता, दोन कमानींचा दगडी पूल, चहाच्या रंगाचं पाणी वाहणारी नदी. भोवती उघडे डोंगर, ऑगस्टमध्ये जांभळ्या झुडपांनी भरलेले. लोकरीची गिरणी बंद पडून वर्षं झालेली. पलटणीने मला आणि लान्स नाईक दत्तू कोळेकरला पाइपच्या कोर्ससाठी तिथे पाठवलं होतं. शिकवायला एक म्हातारे, निवृत्त पाइप मेजर, म्हणजे पाइपवाल्यांचे प्रमुख. रोज सकाळी सहाला ते आम्हाला चौकातल्या दगडासमोर उभं करायचे. त्यावर दोन महायुद्धांत मेलेल्या गावकऱ्यांची नावं होती. एवढ्याशा गावाची एवढी लांब यादी. तीच तीच आडनावं. दत्तू बोट फिरवत नावं वाचायचा. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, “उस्ताद, ही समदी एकाच भावकीतली दिसत्यात.”

पाइप मेजरनी आम्हाला शोकाची एक धून शिकवली. दार बंद करून. नियम एकच सांगितला: शिकताना बंद खोलीत, बाहेर फक्त मेलेल्या माणसासाठी. कार्यक्रमात नाही, कोणाला ऐकवायला नाही. त्या गावाचा वारसा म्हणाल तर मला तेवढाच दिसला.

वर्षभराने आमची पलटण सीमेवरच्या फॉरवर्ड पोस्टवर होती. मी तेव्हा नाईक. सकाळी ०५४० ला शेलिंग सुरू झालं. मी आणि दत्तूने पहिला जखमी ०६०५ ला खाली आणला. लगेच रेडिओवर आवाज आला, “आणखी एक कॅज्युअल्टी. स्ट्रेचर पाठवा. ओव्हर.”

मी दत्तूला म्हणालो, “फायर थांबू दे. मग जाऊ.”

“तवर त्यो ऱ्हातोय व्हय?” तो म्हणाला आणि एकटाच वर गेला.

त्याने जखमीला खांद्यावर घेऊन शेवटच्या वळणापर्यंत आणलं. शेल तिथे पडला. जखमी जवान वाचला. दत्तू ०६२५ ला गेला.

त्याला मानवंदना द्यायला एक बडे पाहुणे हेलिकॉप्टरने आले. अ‍ॅडज्युटंट साहेबांनी घड्याळ बघत मला सांगितलं, “शोकाची धून नको, फक्त बिगुल होईल. वेळ नाही. तुम्ही पाहुण्यांच्या स्वागताची धून वाजवा.” मी वाजवली. चांगली वाजवली.

मी घरी दार लावून अजून ती शोकाची धून वाजवतो. निखिलने ती बाहेरून ऐकली आणि मला न विचारता कार्यक्रमात घातली. रविवार, दुपारी दोन. पोस्टरवर माझा फोटो. मी नाही म्हणालो. “बाबा, एक ट्यूनच आहे ना? साहेब येतायत. माझी अब्रू जाईल,” तो म्हणाला. असल्या अब्रूचं लोणचं घाल, असं मी त्याला सुनावलं.

माझी सून युकी जपानी आहे, मराठी सावकाश बोलते. तिला मी दत्तूची सगळी हकिकत सांगितली, म्हणजे नकार का ते कळेल. तिने शांतपणे विचारलं, “बाबा, मग दत्तू-सानसाठी तुम्ही कधी वाजवली?”

बावीस वर्षं मी अ‍ॅडज्युटंटला शिव्या घालत आलो. पण नंतर मला कोणी अडवलं होतं? सुट्टीत मी माण तालुक्यात दत्तूच्या घरी गेलो, त्याच्या आईच्या हातची भाकरी खाल्ली आणि पाइप बॅगेतून न काढता परत आलो. तो एकटा वर का गेला, हे ती विचारेल याची भीती वाटली होती. थर्माकोलवाल्यांना नावं ठेवण्याचा मला काय अधिकार? ते निदान अजाण होते.

रविवारी १४०० वाजता मी पाइप घेऊन मंचावर उभा राहिलो. आधी धुराचं मशीन बंद करायला लावलं. मग युकीला माइक दिला आणि सांगितलं, “सांग त्यांना. ही धून मेलेल्या माणसाची आहे. लान्स नाईक दत्तू कोळेकर, वय सव्वीस. मी थांबलो, तो गेला.”

तिने सगळं सांगितलं. शेवटचं वाक्य सांगताना ती अडखळली, पण गाळलं नाही. लोक हातातले ग्लास खाली ठेवून उभे राहिले. निखिलचे साहेबही उठले. मी पूर्ण धून वाजवली. दुसऱ्या भागात माझा श्वास तुटला, तो सावरला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

नंतर आयोजक मोरी-सान आले. कमरेत वाकले, डोळे पुसले, युकीशी हळू आवाजात बोलले. चारच्या शोची तिकिटंही संपली आहेत, हीच धून तेव्हा पुन्हा वाजवाल का, असं ते विचारत होते.

“त्यांना सांग,” मी पाइप बॅगेत ठेवत म्हणालो, “माझा एकच दत्तू होता.”