ठमीसाठी गप्प

तुळशीराम काकाजींना हळू बोलता येत नसे. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज निवृत्तीनंतर त्यांनी घरी आणला. वाशीमजवळच्या मालेगावात त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. त्यांच्याकडे आज भाजी कोणती, जावयाचं काय बिनसलं, सगळं आम्हाला घरबसल्या कळे. काकू चिडल्या की ते म्हणत, “आपल्यापाशी लपवाचं काय हाये? आयकू दे लोकायले.”

ठमी ही त्यांची कुत्री. बुटकी, तांबूस आणि भलतीच मानी. आम्ही बिस्किटं घालून थकलो, पण ती काही ओळख देईना. काकाजींनी कोपऱ्यावरून नुसतं “ठमे” म्हटलं, की मात्र झोपेतून उठून पायऱ्यांवरून उडी घ्यायची.

गेल्या हिवाळ्यात वाशीम रोडवर एका मोटारसायकलखाली तिची मागची मांडी मोडली. माझ्या गाडीतून आम्ही तिला अकोल्याला नेलं. ऑपरेशन करून डॉक्टरांनी हाडाला प्लेट बसवली, स्क्रू मारले आणि बजावलं, हाड जुळेपर्यंत हिला उठू द्यायचं नाही.

घरी आल्यावर पंचाईत कळली. इतर कोणाच्या बोलण्यानं ती कान हलवत नसे, पण काकाजींनी चहा मागितला तरी धडपडून उभी राहायची. दुसऱ्या दिवशी ते अंगणात येऊन माझ्या कानाशी लागले. त्यांची कुजबुज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. “ते माह्या आवाजानं उठते, बावा. आता मी घरात बोलतच नाई.”

आणि खरंच बोलले नाहीत. काकूंशी खाणाखुणा, लेकीचा फोन आला की चौकापर्यंत जाणं. बाकी दिवसभर ठमीच्या पाठीवर हात ठेवून बसलेले. मला जन्मभर जमलं नाही ते या कुत्रीनं करून दाखवलं, असं काकू म्हणाल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. ज्या आवाजाला आम्ही वर्षानुवर्षं वैतागलो होतो, तो नसल्यानं आम्हाला घर खायला उठलं.

तरी जखम चिघळली. पाणी येऊ लागलं, मग पू. औषधं बदलली, अकोल्याच्या फेऱ्या झाल्या. हाडातच जंतू शिरले होते, स्क्रू सैल पडले. प्लेट काढावी लागली, पण तोवर विष अंगभर पसरलं होतं. पाय कापूनही ती वाचणार नव्हती. दवाखान्याबाहेर काकाजींनी डॉक्टरांना एवढंच विचारलं, “माह्याकडून कायी चुकलं काय?” डॉक्टर म्हणाले, नाही, सगळं नीट करूनही कधी कधी असं होतं. काकाजींना ते उत्तर अधिकच लागलं. चूक असती तर निदान स्वतःवर रागावता आलं असतं.

ठमीनं खाणं सोडलं. कूस बदलतानाही कण्हायची. शेवटी सुटकेच्या इंजेक्शनसाठी गावातल्या डॉक्टरांना घरीच बोलावलं. सकाळचं ऊन ओसरीवर आलं होतं. काकू काकाजींना म्हणाल्या, “आता तरी बोला तिच्याशी.”

घसा खाकरून ते म्हणाले, “ठमे.”

तिनं मान वर केली आणि पुढचे पाय जमिनीला रोवले. इतके दिवस अशा वेळी ते तिला हलकेच दाबून खाली बसवत आले होते. त्या सकाळी त्यांनी तिच्या पोटाखाली दोन्ही हात घातले आणि तिला अलगद उभं केलं.

“उठ माय,” ते म्हणाले, “आता उठ.”