रतनबाईच्या घरची फोडणी

मार्गासनीत फोडणीचा वास येईनासा झाला की बायका काही विचारत नसत. गावात देवी आल्या, एवढाच त्याचा अर्थ. अंगभर फोड आणणाऱ्या त्या दुखण्याला रोग म्हणायची छाती आमच्याकडे कुणाची नव्हती. मोहरी तडतडली की देवी चिडते, म्हणून घरोघर नुसतं उकडलेलं शिजायचं. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागायचा, आणि माणूस गेलं तरी मोठ्यानं रडायचं नाही.

भाटघरचं धरण होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. त्या साली पहिला डहाळा सावळारामच्या दाराला लागला आणि भिंतीपलीकडे रतनबाईच्या काळजाचं पाणी पाणी झालं. तिच्या चार वर्षांच्या नातीला, फुलाला, देवीची लस टोचलेली नव्हती. टोचू दिलं नव्हतं ते रतनबाईनंच. टोचणारा डॉक्टर गावात शिरला की ती पोरीला धान्याच्या रिकाम्या कणगीत उभी करायची आणि वरून घोंगडी टाकायची.

तिची भीती उगीच नव्हती. ती सहा-सात वर्षांची असताना सरकारी माणसानं तिच्या दंडाला टोचलं. फोड पिकल्यावर कोतवालानं तिला खांद्यावर टाकून वेल्ह्याला नेलं. तिथं तिचा फोड फोडून त्यातली लस तिथल्या पोरांना टोचली. तेव्हा रीतच तशी होती. तिच्या आईला शेतावरून बोलवावं, असंसुद्धा कुणाला वाटलं नाही.

ही हकीकत भोरच्या रघुवीरपंतांनी ऐकली. ते पुण्याच्या कॉलेजात शिकवत आणि सरकारनं शास्त्र लोकांच्या गळी कसं उतरवलं, याचा इतिहास लिहीत. रतनबाईच्या दंडाची गोष्ट सांगणारा लेख त्यांनी मासिकात छापला. पुण्यात त्या लेखावर सभा झाल्या, विद्यार्थी त्यातले उतारे घोकू लागले. मार्गासनीत मास्तरांनी तो चावडीवर वाचून दाखवला आणि टोचणाऱ्या डॉक्टरला घरोघरची दारं बंद झाली. छापलेलं खोटं कसं असेल? तो जुन्या काळाबद्दल होता, हे ऐकायला कोण थांबतंय! टोचू द्यायचं की नाही, हे बाया रतनबाईला विचारून ठरवू लागल्या.

सावळारामचा धाकटा गेला. भिंतीपलीकडून हुंदका आला नाही, त्याचीच रतनबाईला जास्त भीती वाटली.

आपल्या लेखानं इथं काय केलंय ते पंतांना भोरात कळलं होतं. दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरला घेऊन रतनबाईच्या अंगणात आले. पंतांचा चेहरा पार उतरलेला. आळीतल्या बाया गोळा झाल्या.

"ती रीत कधीच गेली हो," पंत म्हणाले. "लस आता नळीत भरून येते. सरकारनं जुलूम केला, असं मी लिहिलं. लस वाईट, असं नाही लिहिलं."

सगळ्या रतनबाईकडे बघत राहिल्या.

"रतनबाई, तुम्हाला कधी देवी आल्या होत्या?" पंतांनी विचारलं.

तिच्या तोंडावर एकही वण नव्हता, पण ती बोलेना. जे सांगायचं ते तिनं नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. देवीनं नेलेल्याचं नाव काढलं तर ती परत फिरते, असं आईनं बजावलं होतं. आणि देवी तर भिंतीपलीकडेच होती.

आत कणगीत फुला खोकली.

"न्हाई आल्या," रतनबाई म्हणाली. "माजं दोन भाऊ हुतं. गेनू न् कुंडलिक. आमी एकाच घोंगडीव निजायचो..."

सून चंद्राबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. "आत्याबाई, देवी ऐकतीया!"

रतनबाईनं तो हात बाजूला केला. "ऐकू दे. दोगांला नेलं तिनं. मला येल्ह्याला नेलं म्हनून आईनं त्यांना कणगीत दडवलं हुतं, टोचू दिलं न्हाई. मला टोचलं हुतं, माज्या अंगाव देवीचा एक फोड उठला न्हाई."

ती आत गेली आणि फुलाला घेऊन उंबऱ्यावर बसली.

"टोचा. पर पोर माज्या मांडीवरनं उचलायची न्हाई. तवा मला धराया कुनी नव्हतं."

डॉक्टर तिच्यापुढे मातीत बसला आणि त्यानं फुलाला टोचलं. बाकीच्या बायांनी आपापली पोरं पदराखाली घेतली आणि घर गाठलं. आधी फुलाचं काय होतंय ते बघू, असा त्यांचा हिशेब.

आठवडा गेला आणि फुला तापली. नाव काढलं त्याचं भोगतीय म्हातारी, अशी कुजबुज सुरू झाली. रतनबाईनं आपल्या हातानं दाराला डहाळा लावला आणि भिंतीकडे तोंड करून पोरीला मांडीवर घेऊन बसली. "बोलले ती म्या," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "पोर न्हाई बोलली. मला ने."

ताप उतरला. दंडावरचा फोड सोडला तर अंगावर काही उठलं नाही. रतनबाई चुलीपुढे बसली. मग तिनं कढईत तेल ओतलं, ते तापेपर्यंत भिंतीकडे बघत राहिली, आणि डोळे मिटून चिमूटभर मोहरी टाकली.

तो तडतडाट आळीभर ऐकू गेला. बाया दारात येऊन उभ्या राहिल्या.

दुपारी डॉक्टर आला तेव्हा रतनबाईच्या अंगणात आया बसल्या होत्या, आणि प्रत्येकीनं आपलं पोर मांडीवर घट्ट धरलं होतं.