आबांसाठी चिरलेला बंगारु तीगा

जाड सोनेरी खवल्यांचा, ओठांशी मिशा असलेला कार्प मासा आमच्या गावच्या तळ्यात भरपूर आहे. तेलुगूत त्याला बंगारु तीगा म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. बंगारु म्हणजे सोनं, पण नावात सोनं असलं तरी बाजारात त्याला मान नाही. आदिलाबादला लोक आधी रोहू-कटला उचलतात, हा टोपलीत मागे राहतो. चिखलाचा वास आणि फार काटे, ही त्याच्याविषयीची दोन गाऱ्हाणी.

मी तर त्याला मासाच मानत नव्हतो. मी समुद्रकाठचा. आठवीत शाळा सुटली, हातात पाना आला, आणि यंत्रं दुरुस्त करत करत कुठल्या कुठे, इथल्या कापसाच्या जिनिंगपर्यंत पोचलो. तामसी गावाच्या बाजूला एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात खोली मिळाली. पहिल्या संध्याकाळी स्टोव्ह पेटेना, तेव्हा घरमालकीण मावशींनी ज्वारीची भाकर आणि वरण आणून ठेवलं. "जेवून घे बाबू, मंग चिंता करजो." चिंता मी अजूनही करतो, तो स्वभावच आहे. पण त्या भाकरीनंतर मी त्या घरचा झालो.

मावशींचे यजमान, आबा, यांनी मला तळ्यावर नेलं. उकडलेल्या ज्वारीच्या घुगऱ्या रोज संध्याकाळी एकाच कोपऱ्यात मूठभर टाकायच्या, गळ न लावता. मग एक दिवस गळाला घुगरी ओवायची आणि दोरीचं बूच पाण्यावर तरंगतं त्यावर नजर ठेवायची.

"आधी जेवाले घालाचं, मंग बोलवाचं," आबा म्हणाले. "आन् बूच हाललं का लगेच ओढू नको. थो चाखते, थुकते, पुन्हा चाखते. तुह्यासारखाच भेकड हाय."

बूच आडवं चालू लागलं की ओढायचं. आणि मग हा भेकड मासा असा झुंजतो की मनगट दुखून येतं.

पुढे एकदा त्याचाच काटा आबांच्या घशात अडकला. ऑटो करून आदिलाबादला दवाखान्यात न्यावं लागलं. मावशींनी त्या दिवसापासून हा मासा घरात आणणं बंद केलं. यंदा आबांना लांबलेला ताप आला. ताप गेला, पण तोंडाची चव परतली नाही. भरलेलं ताट तसंच परत जायचं, अंगावरचा सदरा रोज मोठा वाटायचा. एक दिवस ते म्हणाले, "बंगारु तीगा असन, तर खाईन."

"काऊन? पुन्हा घसा फाडून घ्याचा हाय?" मावशी कडाडल्या. "या घरात नाई येनार थो."

आबा भिंतीकडे तोंड करून पडले.

दुसऱ्या दिवशी जिनिंगमध्ये यंत्राचा पट्टा बसवताना मला माझी आई आठवली. ती मासे विकायची. सुरमई, पापलेट गिऱ्हाइकांकडे जायचे. काट्यांमुळे जो मासा कुणी घेत नसे, तो आमच्या ताटात यायचा. आई त्याच्या पाठीवर अगदी जवळजवळ चिरा पाडायची, पलीकडची कातडी तेवढी शाबूत ठेवून. सुरीखाली बारीक काटे कर्रकर्र तुटायचे आणि तेलात त्यांचा कुरकुरीत चुरा व्हायचा. कुणालाच नको असलेल्या माशावर वाढलेलो मी, आणि या बिचाऱ्याला नाक मुरडत होतो. हसूच आलं.

मावशींना आईची ही युक्ती सांगितली. "आन् राह्यला एखांदा काटा तर?" त्या म्हणाल्या. या घरानं मला आसरा दिला. इथंच माझ्या हातून काही झालं तर तोंड कुठे दाखवायचं?

"पयला घास तू खाशीन," मावशी म्हणाल्या. "दुसरा मी. मंगच यायले देजो."

मी तळ्यावरून एक मासा जिवंत धरून आणला. आबांनी पडल्या पडल्या हुकूम सोडला, "त्याले दिवसभर हौदात सोड. चोख्या पान्यात मातीचा वास जाते." तसं केलं. मग चिरा पाडल्या, बरगड्यांचे मोठे काटे हातानं काढले, मीठ, तिखट, चिंचेचा कोळ लावून ज्वारीच्या पिठात घोळवून कडक तळला.

पहिला घास घेतला. जीभ काटा शोधत होती, आणि मध्येच शोधायचं विसरली. मांस जाड, किंचित गोड. चिखल कुठेच नाही. इतकी वर्षं याला मी कशाच्या जोरावर हलका म्हणत होतो? मावशींनी घास खाल्ला, मान हलवली.

आबा जेवू लागले. आम्ही दोघं त्यांच्या घशाकडे बघत बसलो. अचानक ते थांबले. तोंडात बोट घातलं. मावशींनी पाण्याचा तांब्या उचलला. मी ऑटो बोलवायला उठलो.

आबांनी बोटावरचं उजेडात धरलं. "चिचेचा रेसा हाय. असे काय पाहून राह्यले दोघं? मी का सर्कस हाय?"

अख्खी भाकर संपली. ताट पुसून ते म्हणाले, "आन् डोस्कं?"

"डोस्क्याले चिरा पाडता येत नाई," मावशी म्हणाल्या. "थे मी खाईन. तुमी माह्यं खाता तेवढं पुरे."

त्यांनी डोकं आपल्या ताटात ओढलं, बोटांनी सावकाश उकललं, आणि गालाचं मऊ मांस, जिथे काटाच नसतो, ते आबांच्या ताटाच्या कडेला ठेवलं.