हीलर तूच घे

बॅलन्स हा शब्द कुणी उच्चारला की आजही माझं डोकं फिरतं.

औरंगपुऱ्यातल्या एका दुकानाच्या वरच्या खोलीत आम्ही चौघं दर रविवारी दुपारी गोष्टीचा खेळ खेळायचो. एकानं गोष्ट चालवायची, भुयारं आणि राक्षस त्याचे. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, फासे टाकून लढायचं आणि टोळीनं मिळून जगून दाखवायचं. खेळ चालवणारा दुकानमालकाचा मुलगा, माझा कॉलेजातला मित्र. दुसरा त्याचा आतेभाऊ, पेशानं वकील, अंगानं काडी, म्हणून खेळात कायम ढाल-तलवारवाला. तिसरा घरबसल्या कॉम्प्युटरवर नोकरी करणारा, तो जादूगार. चौथी मी, लासूर स्टेशनची, छावणीत भाड्यानं राहणारी. टोळीत मी हीलर, म्हणजे बाकीच्यांच्या जखमा भरणारी.

हे मी मागून घेतलेलं नव्हतं. पहिल्या रविवारी मी कुऱ्हाडवाली बाई मनात ठरवून गेले होते. खेळ चालवणाऱ्यानं ऐकूनच घेतलं नाही. "समोर मार खाणारा झाला, लांबून मारणारा झाला. आता हीलर नसला तर टोळीचा बॅलन्स जातो. तूच घे गं, तुला ते चांगलं जमंल." मला काय जमतं हे त्याला कसं कळलं, देव जाणे. आठवडाभर मी गाडी शिकवण्याच्या क्लासमध्ये मिशीवाल्या बाप्यांवर ब्रेक ब्रेक म्हणून खेकसत असते. माझ्यात यांना नर्सबाई कुठं दिसली? पण नवी होते, मान डोलावली. पुढं प्रत्येक नव्या गोष्टीला तेच. हुकूमच, फक्त कौतुकाच्या पुडीत बांधलेला.

त्यात आमच्या खेळाची एक खोड. आधी कुणी खेळायचं हे एरवी फाशांवर ठरतं. आमच्याकडं पंगतीत वाढावं तसं बसल्या क्रमानं चालायचं. मी दाराशी, कारण खालून मित्राच्या आईची, काकूंची हाक आली की चहा आणि मुरमुऱ्यांचा सुशीला आणायला मीच उठायचे. म्हणजे माझी पाळी शेवटी. तोवर वकीलसाहेब न बघता राक्षसाच्या तोंडात उडी घेऊन आडवे झालेले असायचे. मागं हीलर आहे म्हटल्यावर कोण कशाला बघतंय! पडलेल्याला फेरी संपायच्या आत उठवलं नाही तर तो मेला, म्हणून माझी पाळी आली की त्यांना उठवायचं. पुढच्या फेरीत ते पुन्हा आडवे, मी पुन्हा तेच. अख्ख्या गोष्टी संपल्या आणि मी साधा उंदीरही मारला नव्हता.

मला एकदा, फक्त एकदा, माझ्या हातानं राक्षस पाडायचा होता. घोड्यासारखी वाढलेली बाई आणि तिची ही इच्छा. हसायचं तर खुशाल हसा.

या उन्हाळ्यात नवी गोष्ट सुरू करायची होती. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं, "यावेळी मी कुऱ्हाडवाली."

"कायको मस्करी करती?" वकील म्हणाला. "मग हीलर कोण?"

"तू हो."

"मी समोर लागतो ना!"

"आणि मी हीलर झालो तर आग कोण फेकणार?" जादूगारानं मोबाइलमधून मान वर न काढता विचारलं.

खेळ चालवणारा समजुतीच्या सुरात आला. "अगं, जरा टोळीचं बघ की. सगळेच मारामारीला निघाले तर बॅलन्स राहील का?"

"बॅलन्स लई लाडका आहे ना तुमचा? मग तुमच्यातलं कुणीतरी व्हा हीलर. मी नाय होणार. नाय जमत तर ही निघाले."

कुऱ्हाड मिळाली, पण भीक घातल्यासारखी. "बघू, हौस किती टिकते," असं वकील माझ्या देखत म्हणाला. मीही मनात म्हटलं, बघच.

पहिलीच लढाई एका कोरड्या बारवेत. तळाशी घोरपडीसारखा राक्षस. वकील सवयीनं धावत खाली गेला आणि सवयीनं पडला. जादूगार त्याच्या अगदी शेजारी उभा, पाळीही त्याचीच. मी वर पायऱ्यांवर. तरी दोघांनी माझ्याकडं पाहिलं.

"उचल ना त्याला," जादूगार म्हणाला.

"मी वर आहे. शेजारी तू आहेस."

"माझ्याकडं कुठं तसले मंत्र?"

"मंत्र नसला तरी पट्टी बांधता येती. शेजारी असला की झालं." मी खेळ चालवणाऱ्याकडं वळले. "व्हय का नाय?"

त्यानं उगाच नियम चाळले. "येते. पण याची पाळी त्यात जाईल."

जादूगारानं फासे हातात घेतले. "मग नको. माझी पाळी वाया जाईल."

इतक्या सहज म्हणाला तो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतके रविवार माझी पाळी वाया जात होती, हे या माणसाच्या ध्यानातही आलं नव्हतं. त्यानं आग फेकली, ती भिंतीवर गेली. राक्षसानं वकिलाला आणखी ओरबाडलं. मग माझी पाळी. मी पायऱ्या उतरून वकील आणि राक्षस यांच्या मधे पोचले.

"ताई, प्लीज," वकील म्हणाला. जन्मात कधी ताई म्हणाला नव्हता. "ही फेरी गेली की मी मेलोच."

"पट्टी की कुऱ्हाड?" खेळ चालवणाऱ्यानं विचारलं.

"कुऱ्हाड."

फासे चांगले पडले. राक्षस दोन तुकडे होऊन पडला आणि मी टेबलावर हात आपटून ओरडले. फेरी संपली. खेळ चालवणाऱ्यानं आमच्या रिवाजाप्रमाणं वकिलाच्या पात्राचा कागद उभा फाडला.

वकिलाचा चेहरा लाल झाला होता. "एका पाळीनं काय बिघडलं असतं तुझं?" त्यानं मला विचारलं.

जादूगार त्याच्या मांडीला मांडी लावून बसला होता. त्याला त्यानं काही विचारलं नाही.