जोडे काढून दिलेला सल्ला

मुलांनो, तुम्ही दोघांनीही परदेशातून लिहिलंत, "आजी, सल्ला दे." देईन. पण हा शब्द मी कोणाकडून शिकले ते आधी सांगते. त्यांना पाहिलेली आता मी एकटीच उरले आहे.

अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या शेजारी एक म्हातारे मुनशी राहत. निजामाच्या अमलात ते कचेरीत फारसी लिहीत. अंमल बदलला, फारसी गेली, मुनशीजी घरी बसले. कोणी सल्ला विचारला की ते आधी जोडे काढत, भर रस्त्यातसुद्धा.

"काहून काढता जी?" मी एकदा विचारलं.

"बेटा, सल्ला देनं म्हंजे दुसऱ्याच्या घरात शिरनं. जोडे घालून शिरते काय कोनी? आन् लफ्ज अरबी हाय, सलाह. म्हंजे भलाई, सारं नीट असनं. ज्याचं भलं पाहाचं नाही, त्याले सल्ला देऊ नाही."

पुढे इंग्रजी शिकल्यावर मी मराठी-इंग्रजी कोश उघडून पाहिला. अर्थ तोच होता.

अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि वऱ्हाडात जो तो कापूस पेरू लागला. ज्वारी दुर्मिळ झाली. आमच्या अंगणात ज्वारीचं पेव होतं, जमिनीखालची खोल कोठी. बंद पेवातली हवा जीव घेते. म्हणून उघडल्यावर दिवसभर थांबायचं, दिवा खाली सोडून तो विझत नाही ना ते पाहायचं, मगच उतरायचं. काकांनी पेव सकाळी उघडलं आणि लगेच टोपली घेतली. दारात ज्वारी न्यायला आलेल्या व्यापाऱ्यांच्या गाड्या उभ्या होत्या.

मुनशीजी अंगणात आले. जोडे काढले.

"चाचा, तुमाले कोनी विचारलं?" काका हसले. "जोडे घाला, पाय पोळतीन."

न विचारता ते कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलले. "उतरू नको, भाऊ. दिवा सोड पयले."

काका उतरले. टोपली पडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

बाबांनी दोर उचलला. मुनशीजींनी तो त्यांच्या हातातून घेतला. "तुले लेकरं हायेत." ओला शेला तोंडाला बांधून ते खाली गेले. दोराला हिसका बसला, सगळ्यांनी ओढला. काका वर आले. निळे पडलेले, पण श्वास चालू होता.

दोर पुन्हा सोडला. त्याला हिसका बसला नाही.

आम्ही नुसते पेवाच्या काळ्या तोंडाकडे पाहत राहिलो. आम्ही त्यांना काही विचारलंही नव्हतं.

काका म्हातारे होऊन गेले. पेव बुजवलं, घरही राहिलं नाही. ते जोडे माझ्या पेटीत आहेत. चामडं वाळलंय, टाके शाबूत आहेत.