एकतिसाव्या मिनिटाची पाटी

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही. आईला नाही, बहिणीला नाही, ज्या सौरभबरोबर मी पॉलिटेक्निकची तीन वर्षं काढली त्यालाही नाही. तुम्हाला का सांगते आहे? खरं सांगू — तुमच्यावर माझा फार विश्वास आहे असंही नाही. माझा कुणावरच नसतो. भाजीवाल्याचा काटा मी दोनदा तपासते, कुलूप लावलं की ओढून बघते, आणि कुणी कारण नसताना गोड बोललं की त्याला काय हवं असेल याचा विचार करत घरी येते. नवरा म्हणतो, तुला पोलिसात घ्यायला हवं होतं. मीही हसते. त्याला हे हसण्यावारी न्यावंसं वाटतं, कारण त्याला दिनेश माहीत नाही.

दिनेश माझा वर्गमित्र. छत्तीसगडात, भिलाई-३ च्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचा. त्याचे वडील दुर्ग लाइनवर रूळ तपासायचे — खांद्यावर हातोडा घेऊन रोज मैलोन्‌मैल चालायचे. मूळचे नागपूरकडचे, आमच्यासारखेच. त्या माणसाची एकच इच्छा होती. आपण जन्मभर रुळाच्या कडेने चाललो, पोरानं इंजिनात बसावं. आणि पोराचीही तीच होती. दिनेशला कुठलंही चाक हातात द्या, तो वेगळाच माणूस व्हायचा. एरवी चार शब्दांत बोलणं संपवणारा.

शेवटच्या वर्षी आमच्या पॉलिटेक्निकने गो-कार्टच्या रेसमध्ये भाग घेतला. कार्ट आम्हीच वर्कशॉपमध्ये जोडली होती — जमिनीला चिकटलेली, छप्पर नसलेली, एका माणसाची गाडी. दिनेश चालवणार, सौरभ पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या थांब्यावर, पेट्रोल भरणार, आणि वेळेचं सगळं माझ्याकडे. म्हणजे घड्याळ, आणि एक पिवळी पाटी.

पाटीचं महत्त्व तुम्हाला कळलं पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. रेस एका तासाची. प्रत्येक गाडीने चाळिसावं मिनिट संपायच्या आत एकदा पिटमध्ये यायचं, दोन मिनिटं उभं राहून पेट्रोल भरायचं. जो येणार नाही तो निकालातून बाद. आता पिटची वाट होती अरुंद, आणि आगीच्या भीतीने एका वेळी एकाच गाडीत पेट्रोल भरायची परवानगी. म्हणजे तुमच्या पुढे कुणी घुसलं की तुम्ही मागे उभे, आणि रेस गेली. म्हणून प्रत्येक टीम आपलं मिनिट लपवून ठेवायची. आमचं मिनिट होतं एकतिसावं. ते आम्हा तिघांनाच माहीत होतं.

गाडीवर घड्याळ नव्हतं. सरावात एकदा दिनेश अंदाजाने आत आला होता, चार मिनिटं आधी, आणि मी त्याला फाडून खाल्लं होतं. तेव्हा मीच नियम केला — पाटी दिसल्याशिवाय आत यायचं नाही, काही झालं तरी. हा नियम माझ्या बाबांचा. ते भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये क्रेनवर होते. शिफ्ट संपली, भोंगा झाला, तरी पुढचा माणूस समोर येऊन उभा राहीपर्यंत ते जागा सोडत नसत. घरी जेवण थंड व्हायचं. आई बोलायची. ते म्हणायचे, "रिलीव्हर आल्याबिगर खुर्ची सोडाची नाही, मंग सोळा घंटे का होऊन जाईना." आम्ही प्लांटची पोरं हे ऐकतच मोठी झालो होतो. दिनेश रेल्वेचा, पण त्याला ते लगेच पटलं. त्यांच्याकडेही सिग्नल असतोच ना.

आता माझ्या स्वभावाकडे येते.

रेसच्या तीन दिवस आधी मी दुर्गला गेले होते. स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर मला दिनेश दिसला. शेजारी अमित — दुसऱ्या कॉलेजच्या टीमचा ड्रायव्हर, ज्यांची आम्हाला खरी भीती होती. दोघांची डोकी एका कागदावर वाकलेली. मी जवळ गेले तर दिनेशने कागद चटकन घडी करून खिशात घातला. चहा घेतेस का म्हणाला. मी नाही म्हणाले. कसला कागद, असं विचारलं नाही.

का नाही विचारलं? विचारलं असतं तर त्याने काहीतरी सांगितलं असतं, आणि मला त्याच्यावर विश्वास ठेवावा लागला असता — बहुतेक म्हणूनच. संशयी माणसाला संशय मोडायचा नसतो हो. त्याला तो जपायचा असतो. त्या तीन दिवसांत मी दिनेशची प्रत्येक गोष्ट मोजली. फोन आला की तो बाहेर का जातो? हसतो का? "एकतीसच ना?" असं त्याने पुन्हा का विचारलं? सौरभला मी काही बोलले नाही. त्याच्यावरही थोडा संशय होताच.

रेस जामुलच्या रस्त्यावरच्या एका मोठ्या मैदानात होती. वळणांवर जुने टायर रचलेले, सगळ्यावर जवळच्या सिमेंट कारखान्याची पांढरी धूळ. मी सरळ पट्ट्याच्या कडेला पाटी घेऊन उभी. पिट तंबूंच्या मागे, तिथून सौरभला मी दिसत नव्हते. दिनेश पहिल्या दहा मिनिटांतच सगळ्यांच्या पुढे गेला. फेरी साधारण एका मिनिटाची. दर मिनिटाला तो समोरून जायचा आणि हेल्मेट माझ्याकडे वळायचं.

तिसाव्या मिनिटाला अमितची गाडी पिटमध्ये वळली.

बरोब्बर एक मिनिट आधी. माझ्या अंगातून काहीतरी सळसळत गेलं, आणि मी लाजत सांगते — तो आनंद होता. आपण बरोबर होतो याचा आनंद. एकतिसाव्याला मी पाटी वर केली नाही. ते ठीकच होतं, पिट भरलेलं होतं. पण तेहतिसाव्याला अमित बाहेर पडला, पिट रिकामं झालं, आणि पाटी माझ्या पायाशी पालथीच पडून राहिली.

मी काय करत होते? मी परीक्षा घेत होते. मला वाटलं, बघू. आतून ठरलेलं असेल तर हा पाटीची वाट बघणार नाही, काहीतरी बहाणा करून स्वतःच आत येईल. आणि इमानदार असेल तर येणार नाही. केवढी हुशार होते मी. म्हणजे चोर असेल तर वाचेल आणि साव असेल तर मरेल, अशी ती परीक्षा होती. एवढं साधं गणित मला तिथे उभं राहून दिसलं नाही, की दिसलं आणि मी डोळेझाक केली?

चौतीस. पस्तीस. तो जायचा, हेल्मेट वळायचं. छत्तिसाव्याला त्याने एक हात सोडून हेल्मेटवर दोनदा आपटला — विचारत होता. मी घड्याळात बघितलं. मनात म्हटलं, नाटक. सदतिसाव्याला सौरभचा फोन आला, "कावून नाही आला तो अजून?" आणि माझ्या तोंडून निघालं, "दाखवून राहिले ना मी पाटी. तो पाहूनच नाही राहिला."

जिभेवरून घसरलं असं म्हणणार होते. नाही घसरलं. मी म्हटलं.

तेव्हाही दोन फेऱ्या हातात होत्या. मी पाटी उचलली, छातीशी धरली, आणि तो दोनदा गेला तरी वर केली नाही. त्यातल्या दुसऱ्या फेरीला, एकोणचाळिसावं मिनिट संपता संपता, तो माझ्यासमोरून गेला, पुढच्या वळणाला लागला, आणि मग — त्याची पाठ दिसत असताना — मी दोन्ही हातांनी पाटी उंच धरली. लोकांनी बघावी म्हणून. त्याआधीचं बघणारं जवळ कुणी नव्हतं. नव्हतं ना? मी अजूनही कधी कधी तो पट्टा आठवून चेहरे शोधते.

पाटी मी तशीच धरून होते; पुढच्या फेरीला ती बघून तो लगेच आत आला, एक्केचाळिसाव्या मिनिटाला. निकालात पहिल्या आलेल्या अमितपेक्षा त्याची सगळ्यात वेगवान फेरी चांगली होती, पण त्याच्या नावापुढे नुसतं 'बाद' लिहिलं होतं. सौरभ त्याला वाट्टेल ते बोलला. दिनेशने हेल्मेट काढलं, घामाने केस चिकटलेले, आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, दोनदा दाखवली. त्याने हेल्मेटची काच बोटाने पुसली. मग सौरभला म्हणाला, "दाखवली असन तिनं. मलेच दिसली नाही."

त्याला कळलं होतं का? कितीतरी वर्षं मला वाटायचं, कळलं असणार, आणि तो मला सांभाळून घेतोय. म्हणजे बघा — त्याच्या साधेपणावरही माझा संशयच.

तीन महिन्यांनी त्याच्या घरून पत्रिका आली. त्याच्या मोठ्या बहिणीचं लग्न होतं, अमितच्या मोठ्या भावाशी. टपरीवरचा तो कागद म्हणजे मुलीची माहिती होती — शिक्षण, उंची, मामाचं गाव. ठरेपर्यंत बाहेर बोलायचं नाही, हे आपल्याकडे कुठल्या घरात नसतं? आमच्याही घरात असतंच. पंगतीत अमित माझ्या समोरच बसला होता. रेसचा विषय निघाला तेव्हा सहज म्हणाला, त्या दिवशी चेन सैल झाली म्हणून तिसाव्यालाच आत घुसावं लागलं, नाहीतर त्यांचं ठरलं होतं पस्तीसला. मी जिलेबी खात होते. खात राहिले.

आणि मग दिनेश वाढायला आला. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, रेल्वे ड्रायव्हरची भरती निघाली आहे, फॉर्म भरलास का? शेवटच्या तारखेला दहा दिवस होते. तो मठ्ठ्याची बादली खाली ठेवून माझ्याजवळ उकिडवा बसला. हळू आवाजात म्हणाला, "नाही भरून राहिलो. दुर्गात दोन डॉक्टरले डोळे दाखवले. दोघंही म्हणते चांगले आहेत. पण एवढी मोठी पिवळी पाटी मले दोनदा दिसली नाही, वैशाली. उद्या लाल सिग्नल नाही दिसला त? मांग हजार लोक बसले असन."

त्याचे वडील मंडपाच्या दाराशी पाहुण्यांना हात जोडत उभे होते. मला ते दिसत होते.

एका वाक्याचं काम होतं. मी म्हटलं, "विचार करून ठरव." हे शब्द मला आजही जसेच्या तसे ऐकू येतात. तो उठला, बादली घेतली, पुढच्या पानावर गेला. नंतरचे दहाही दिवस मी रोज सकाळी त्याचा नंबर काढायचे आणि लावायचे नाही. अकराव्या दिवशी मला हलकं वाटलं. हे सगळ्यात वाईट आहे, आणि तेही खरं आहे.

दिनेश आता जामुलच्या एका कारखान्यात वजनकाट्यावर बसतो. येणारे ट्रक, जाणारे ट्रक. त्याचे वडील गेले, मी भेटायला गेले होते. दुर्गच्या बाजारात कधी भेटला तर बायकोला सांगतो, ही आमच्या टीमची टाइमवाली, आणि रेसची गोष्ट स्वतःच सांगतो, स्वतःवर हसत, डोळ्यांपुढे हात हलवून. गाडी तो हातात घेतच नाही. स्कूटर बायको चालवते, हा मागे बसतो.

त्या दिवशी तेहतिसाव्या मिनिटापासून तो सात वेळा माझ्यासमोरून गेला. सातही वेळा त्याने नीट बघितलं. त्याचे डोळे चांगले होते.