चाळणीबाईंनी काढून टाकलेले श्वास

ऑफिसात बाईंना तोंडावर सगळे ‘ताई’ म्हणत आणि पाठ फिरली की ‘चाळणी’. बाईंना हे ठाऊक होतं. ठाऊक नसायला काय झालं? पलीकडच्या खोलीत कुणी गोळीचा कागद सोडला तरी त्यांना ऐकू यायचं, मग स्वतःचं टोपणनाव ऐकू येणार नाही? उलट त्यांना त्या नावाचा अभिमानच होता. चाळणी म्हणजे काय, तर कचरा वर आणि पीठ खाली. यात लाजण्यासारखं काय आहे?

हे पीठ होतं व्हायोलिनचं. बाईंची कंपनी सिनेमाला संगीत देणाऱ्यांना व्हायोलिन, चेलो असलं सगळं तयार विकायची. वाद्यं नव्हे हो, आवाज. मोठ्या हॉलमध्ये वादकांना बसवायचं, एकेक सूर हळू, जोरात, थरथरता असा वाजवून घ्यायचा आणि कॉम्प्युटरात भरून ठेवायचा. सगळ्यात जास्त खप ‘फुलणाऱ्या’ सुरांचा. असला सूर सुरू होतो जेमतेम, मग आपला आपणच दाटत जातो, कापतो, खरखरतो, वर चढतो. संगीतकारानं फक्त कीबोर्डची एक पट्टी दाबून धरायची. तेवढ्यात पडद्यावर नायक समुद्राकडे बघून घेतो, मागे अख्ख्या वाद्यवृंदाचं काळीज पिळवटून निघतं, आणि मग संगीतकार मुलाखतीत सांगायला मोकळा की या प्रसंगानं मला आतून हलवलं. हललं असेल तर त्याचं बोट, तेही हललं नव्हतं म्हणूनच सूर टिकला.

पण वाजवणारी माणसं असतात, आणि माणसं म्हटली की भानगडी आल्याच. खुर्ची करकरते, बाही सरकते, कुणाचं पोट ऐन हळव्या सुरात गुरगुरतं. आणि मेला तो श्वास! सूर उचलायच्या आधी सगळे कसे हपापल्यासारखे श्वास घेतात. बाई कानाला हेडफोन लावून दिवसभर बसत आणि हा सगळा कचरा वेचून वेचून काढत. तांदूळ निवडायला बसावं तशा. काढलेला कचरा ठेवायचा कशाला म्हणून तो पुसूनही टाकत. “ताई, आपला माल म्हणजे आरसा!” असं मोठे साहेब म्हणत आणि बाई दोन दिवस हवेत असत.

आता दिवसभर ज्याचे कान असे सोलून निघालेत, तो माणूस घरी येऊन कान काढून खुंटीला थोडाच टांगतो? बाईंचा नवरा छापखान्यात काम करायचा. जाडजूड, मोकळाढाकळा गडी. लग्न झालं तेव्हा चहा भुरके मारून प्यायचा, बोटं मोडायचा, हसला तर शेजारी दार उघडून बघायचे. आणि त्याचं नाक कायमचं चोंदलेलं, त्यामुळे श्वास घेताना बारीक शीळ वाजायची. बाईंचं आपलं सुरू असायचं. “अहो, टोस्ट किती वाजतोय.” “अहो, पेपर जरा हळू उलटा.” “अहो, श्वास!”

नवरा भांडला नाही. त्यानं खुर्च्यांच्या पायांना जाड लोकरी नमद्याचे तुकडे चिकटवले, बिजागऱ्यांना तेल घातलं, टोस्टऐवजी पाव आणायला लागला. हळूहळू घर असं शांत झालं की पाहुणे म्हणत, “काय हो प्रसन्न वाटतं तुमच्याकडे!” बाई कौतुकानं मान डोलवत. आपल्या घराला वळण लागलंय, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. ते कुणाच्या जिवावर लागलंय, हा प्रश्न त्यांना पडला नाही. कशाला पडेल? त्याचा आवाज होत नव्हता ना.

असं सगळं छान चाललेलं असताना संगीतकारांना उपरती झाली. एकाएकी सगळ्यांना वाटायला लागलं की हे सूर फारच स्वच्छ आहेत, त्यात माणूस नाही. ज्यांनी आयुष्यभर माणसांना टाळून पट्ट्या दाबल्या, त्यांना आता माणूस हवा होता, पण जेवायला घालावं न लागणारा. दुसऱ्या एका कंपनीनं तर सुरांबरोबर वादकांचे श्वासही विकायला काढले. झालं! मोठ्या साहेबांनी बाईंना बोलावलं.

“ताई, आपल्या नव्या आवृत्तीत श्वासाचं बटण द्यायचंय. फिरवलं की श्वास वाढेल, कमी होईल. ते तुम्ही काढलेले श्वास द्या बघू.”

“ते तर मी पुसून टाकले.”

“पुसले? कुणी सांगितलं होतं?”

“तुम्हीच. कचरा म्हणाला होतात.”

“मी?” साहेबांनी असा चेहरा केला की त्यांना कचरा हा शब्दच आज पहिल्यांदा भेटला असावा. “ते काही नाही. सोमवारी माल बाजारात जातोय. तोवर श्वास मिळाले नाहीत तर हेडफोन टेबलावर ठेवा आणि घरी आराम करा. दुसरं कुणी बसेल तुमच्या जागी.”

सगळी हयात त्या एका खुर्चीत गेली होती आणि त्यांना दुसरं काही येतही नव्हतं. वादकांना फोन केले तर ते म्हणाले, “मागच्या वेळी तुमच्या धाकानं आम्ही गुदमरून वाजवलं. आता श्वास घ्यायला बोलावताय?” आणि फोन ठेवले. मग ऑफिसातलेच लोक माइकसमोर बसवले. हिशेबनीस असा श्वास घ्यायचा की आत्ताच विहिरीतून वर काढलाय. स्वागतकक्षातली मुलगी प्रेमभंग झाल्यासारखे उसासे टाकायची. सगळं नाटकी. हवा होता तो खुर्चीत बसून कामात बुडालेल्या, स्वतःचा श्वास विसरलेल्या माणसाचा श्वास. जरा जड, नाकात शीळ असलेला.

आणि बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. अगं बाई, घरातच तर आहे!

नवरा रजा टाकून आला. इस्त्रीचा शर्ट घालून. जाड काचेच्या पलीकडे त्याला खुर्चीत बसवलं, हातात व्हायोलिन दिलं, समोर माइक लावला. काचेच्या अलीकडे बाई आणि पोट सुटलेले, सगळं बघून चुकलेले रेकॉर्डिस्ट.

“हं, घ्या श्वास.”

काहीच नाही. रेकॉर्डिस्टनी माइकचा आवाज वाढवला. आणखी वाढवला. मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक आली, शर्टाच्या इस्त्रीची कडकड आली, श्वास काही येईना.

“ताई, तुमचे मिस्टर ठीक आहेत ना?” रेकॉर्डिस्टनी काळजीनं विचारलं.

बाईंनी पलीकडे बोलायचं बटण दाबलं. “अहो, घ्या ना श्वास!”

“घेतोय की.”

“असा नको. नेहमीसारखा घ्या.”

“नेहमीसारखाच घेतोय गं.”

काचेतून त्याची छाती हलताना दिसत होती, वरखाली, वरखाली, आणि हेडफोनमध्ये शांतता होती. त्यांनी पुन्हा सांगितलं, समजावलं, जरा ओरडल्यासुद्धा. तो बिचारा तोंड उघडून बघे, मान ताणून बघे. घाम फुटला त्याला. शेवटी तो माइककडे वाकून, माफी मागितल्यासारखा म्हणाला, “तू जरा बाहेर जातेस का?”

बाई बाहेर गेल्या. पाण्याच्या पिंपाशेजारी उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं रेकॉर्डिस्ट दार उघडून हसत आले. “ताई, सोनं आहे हो! काय श्वास आहे माणसाचा! हवे तेवढे भरून घेतले.” नवरा मागच्या दारानं छापखान्यात निघूनही गेला होता.

बाई खुर्चीत बसल्या आणि हेडफोन लावला. आधी दार बंद झाल्याचा आवाज. मग नवऱ्याचा, हळूच: “गेली का? दार नीट लागलंय ना?” रेकॉर्डिस्ट हो म्हणाले. आणि मग तो श्वास आला. लांब, भरलेला, डोक्यावरचं ओझं खाली ठेवल्यासारखा. नाकातली शीळही होती. कुठेही गेली नव्हती. मग बोटं मोडल्याचा आवाज, रेकॉर्डिस्टनी काहीतरी विनोद केला आणि नवरा हसला. असा हसला की आवाज मोजणाऱ्या सुया लाल रेषेपलीकडे गेल्या. बाईंना भडभडून आलं. हे हसू त्यांनी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं आणि ते संपलंय असं त्या धरून चालल्या होत्या. ते संपलं नव्हतं, फक्त त्यांच्यापुढे येत नव्हतं.

त्यांनी विनोद कापला, हसणं कापलं, ‘गेली का?’ कापलं. कामच होतं ते. श्वास तेवढे ठेवले.

माल सोमवारी बाजारात गेला. संगीतकारांनी डोक्यावर घेतला. एकानं कळवलं की या श्वासात सुटका झालेल्या माणसाचा आनंद आहे. मोठे साहेब म्हणाले, ही कल्पना पहिल्यापासून माझीच. बाईंची खुर्ची बाईंपाशी राहिली.

त्या दिवशी संध्याकाळी नवरा घरी आला. दारात त्यानं चपला काढल्या, हातात उचलल्या आणि अलगद फरशीवर ठेवल्या.

“आपटा हो,” बाई म्हणाल्या. “आपटा ना, मी काही बोलणार नाही.”

त्यानं बाईंकडे पाहिलं, मग चपलांकडे पाहिलं, आणि तो हसला. आवाज न करता.